अंग आंबलंय आणि काटाही वर गेलाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्यानं व्यायाम सुरू केलेल्यांचे निरोप साधारण तिसऱ्या दिवशी येऊ लागतात आणि आठव्या दिवशी त्यांचा सूर बदलतो. तिसऱ्या दिवशी विषय दुखण्याचा असतो, आठव्या दिवशी वजनाचा. दोन्हींची मुळं बरीचशी एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून उत्तरं एकाच पानावर ठेवली आहेत. व्यायामानंतर लघवीचा रंग काळपट झाला असेल तर मात्र बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १५ वाचा.

१. व्यायाम केला त्या दिवशी मी ठणठणीत होतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. दुखणं एवढं उशिरा कसं येतं?

कारण दुखतं ते व्यायामानंतर सुरू होणाऱ्या डागडुजीमुळे. सवयीपेक्षा जास्त ताण पडला की स्नायूंच्या तंतूंमधली अतिसूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते. ती जागा साफ करायला प्रतिकारशक्तीच्या पेशी जमतात, त्यांच्यापाठोपाठ द्रव येतो, आणि या धावपळीत सुटणारी रसायनं आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतात. मग एरवी लक्षातही येणार नाही एवढा दाब किंवा ताण दुखायला लागतो.

या सगळ्याला वेळ लागतो. साधारण १२ ते २४ तासांनी दुखणं सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि पाच ते सात दिवसांत जातं. स्वस्थ बसलं तर फार त्रास नाही, पण उठलं, वळलं किंवा दाबलं की कळ येते, ही त्याची खूण. काहींचा हात दोन-तीन दिवस कोपरात पूर्ण सरळ होत नाही, तेही यातलंच. जिममध्ये याला 'डॉम्स' म्हणतात. घरात आपण 'अंग आंबलंय' म्हणतो.

२. लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळेच दुखतं ना?

नाही. हा समज जाता जात नाही, आणि मला वाटतं मराठीत तर त्याला भाषेचीच फूस आहे. 'आंबलं' म्हटल्यावर आत काहीतरी आंबट साठलं असेल असं वाटणारच. पण व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात नेहमीच्या पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखायला ते तिथे उरलेलंच नसतं. शिवाय चढण चढताना लॅक्टेट जास्त तयार होतं, आणि दुसऱ्या दिवशी पाय धरतात ते उतरल्यामुळे (का, ते प्रश्न ३ मध्ये).

उशिरा येणाऱ्या या दुखण्याचा संबंध स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्याशी असावा, असं थिओडोर हफ या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच मांडलं होतं. तपशिलात पुढे बरीच भर पडली, तरी विचाराची दिशा तीच राहिली. लॅक्टिक ॲसिडची गोष्ट मात्र अजून जिमच्या आरशासमोर रोज सांगितली जाते.

३. मी रोज तासभर सायकल चालवते. तरी एक टेकडी चढून-उतरून आले आणि मांड्या गेल्या. माझा फिटनेस खोटा होता का?

खोटा नव्हता, वेगळा होता. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर तोच स्नायू लांबत-लांबत शरीराचं वजन रोखून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. या दुसऱ्या प्रकारात तंतूंची जास्त पडझड होते. सायकलवर हा ब्रेक जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे तुमच्या मांड्यांना त्याची सवय नव्हती. डंबेल सावकाश खाली आणणं, बैठकीत खाली जाणं, लंजेस, उतारावर पळणं हे सगळं ब्रेकवालं काम.

दिलासा असा की स्नायू हा धडा लवकर शिकतात. एकदा असं दुखून गेलं की तोच व्यायाम पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा केला तर दुखणं खूपच कमी होतं. म्हणून नव्या व्यायामाचा पहिला दिवस मुद्दाम हलका ठेवावा. दोन सेट करून थांबलात तरी हे संरक्षण बऱ्यापैकी मिळतं, आणि जिन्याशी वैर होत नाही.

४. आठवडाभर व्यायाम केला, खाणंही कमी केलं, आणि वजन दीड किलो वाढलं! हे कसं?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा रागानं विचारलेला. उत्तर एका शब्दात: पाणी. ते तीन ठिकाणी साठतं.

पहिली जागा दुखणारे स्नायू. प्रश्न १ मधल्या डागडुजीसाठी तिथे द्रव जमतो, म्हणजे चक्क सूज असते. मांड्या, पाठ, नितंब असे मोठे स्नायू एकदम कामाला लावले असतील तर ती थोडी-थोडी सूज मिळून काट्यावर दिसते. दुखणं ओसरू लागल्यावरही ती एक-दोन दिवस वाढत राहू शकते, त्यामुळे 'आता तर दुखतही नाही, मग वजन का उतरत नाही' असंही लोक विचारतात.

दुसरी जागा स्नायूंमधला साखरेचा साठा, ग्लायकोजेन. व्यायामात तो वापरला जातो, आणि शरीर हुशार असल्यामुळे पुढच्या वेळेसाठी आधीपेक्षा थोडा जास्त भरून ठेवतं. रिकामा झालेला स्नायू नेहमीपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवतो, हे बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवलं. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणजे साठा २०० ग्रॅमनं वाढला तर ६०० ग्रॅम पाणी त्याच्याबरोबर आलं. झाले ८०० ग्रॅम, आणि त्यात चरबीचा कणही नाही.

तिसरी जागा रक्त. नियमित दमछाक होऊ लागली की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी थोडं राखून ठेवतात आणि रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढतो. ही वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण तीन लिटर प्लाझ्मा असतो. तो १० टक्क्यांनी वाढला तरी ३०० मिलिलिटर, म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे जातं, घाम येऊनही तग धरता येतो. हे वजन तुमच्या फायद्याचं आहे.

तिन्ही मिळून अर्धा ते दोन किलो हा फरक अगदी सहज पडतो. व्यायाम चुकतोय असा त्याचा अर्थ नाही.

५. पण ती चरबी नाही कशावरून?

हिशोब करून बघा. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दीड किलोला ११,५५० झाल्या. आठवड्याच्या सात दिवसांत वाटल्या तर रोज १,६५० कॅलरी जास्त, तेही शरीराची दिवसभराची गरज भागल्यावर. तुम्ही खाणं कमी केलंय म्हणताय. समजा मोजण्यात चूक झाली, तरी एवढी?

हाच हिशोब उलटाही लागू आहे, आणि तो कुणाला आवडत नाही. कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे तीन किलो 'उतरतात', त्यातही बराच भाग ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबर गेलेलं पाणी असतो. उतरताना पाण्याला चरबी म्हणायचं आणि चढताना तेच पाणी मान्य करायचं नाही, असं चालणार नाही.

६. मग हे स्नायू वाढल्यामुळे असेल का? आमच्या ट्रेनरनं तसं सांगितलं.

आठवड्यात? नाही. नवशिक्यालाही सगळं नीट जुळून आलं तर महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू वाढणं ही चांगली कमाई. ट्रेनरचा हेतू चांगला असणार, पण हे गाजर आहे. पहिल्या आठवड्यात स्नायू टणक आणि भरलेले वाटतात ते प्रश्न ४ मधल्या पाण्यामुळेच.

७. हे पाणी उतरायला किती दिवस लागतात?

सुजेचं पाणी आठवडा-दहा दिवसांत जातं, पण तुम्ही दर आठवड्याला नवा व्यायाम किंवा जास्त वजन सुरू केलं तर थोडी सूज पुन्हा येते. साधारण दोन ते चार आठवड्यांत शरीर सरावतं आणि हा चढउतार मंदावतो.

ग्लायकोजेन आणि प्लाझ्माचं पाणी मात्र व्यायाम चालू आहे तोवर बऱ्यापैकी राहतं. ते 'जात' नाही, जायलाही नको. तेवढी तुमची नवी पायाभूत पातळी समजा. चरबी कमी होत असेल तर काटा त्या पातळीवरून खाली यायला लागतो. व्यायाम बंद करून चार दिवस घरी बसलात तर वजन किलोभर उतरलेलं दिसेल, आणि ती अजिबात चांगली बातमी नसेल.

८. पाणी कमी प्यायलो तर लवकर उतरेल का? मीठ पूर्ण बंद करू?

पाणी तोडू नका. कमी प्यायलात की शरीर असलेलं पाणी अधिक घट्ट धरून ठेवतं आणि लघवी गडद होते. तहान लागेल तसं प्या.

मिठाचं थोडं खरं आहे. एखाद्या दिवशी फार खारट खाणं झालं तर दुसऱ्या सकाळी काटा वर दिसतो आणि एक-दोन दिवसांत खाली येतो. नेहमीचं मीठ मर्यादेत असलेलं बरंच, पण भरपूर घाम गाळणाऱ्यानं ते एकदम शून्यावर आणू नये. सौना, प्लास्टिकचे घामाचे सूट आणि पाणी उतरवणाऱ्या गोळ्या यांनी जे जातं ते एक ग्लास पाण्याबरोबर परत येतं. या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेणं तर सरळ धोक्याचं आहे, कारण त्यांच्याबरोबर पोटॅशियमही जाऊ शकतं आणि ते हृदयाच्या ठोक्यांशी जोडलेलं आहे.

९. वजन नेमकं कधी करावं? सकाळ-संध्याकाळ वेगळंच दिसतं.

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, जवळपास सारख्याच कपड्यांत. एकाच दिवसात किलो-दीड किलोचा फरक कुणालाही पडतो: अर्धा लिटर पाणी प्यायलं की अर्धा किलो वाढलं. रोज वजन करण्याची चीड येत नसेल तर रोज करा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची करा. चीड येत असेल तर आठवड्यातून एकदा पुरे, फक्त तो दिवस कडक व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊ देऊ नका. सोबत कंबरेला टेप लावा. वजन जागच्या जागी आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, असं बऱ्याच जणांचं होतं, आणि काट्यावर विसंबलेल्यांना ते कळतच नाही.

१०. माझ्या डिजिटल काट्यावर तर 'फॅट टक्केवारी' पण वाढली. आता काय म्हणाल?

तो काटा चरबी मोजत नाही. तळव्यांतून अगदी सौम्य वीज सोडतो, तिला किती अडथळा होतो ते पाहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. शरीरातलं पाणी, त्वचेचा ओलसरपणा, नुकताच केलेला व्यायाम यांपैकी काहीही बदललं की आकडा हलतो. महिन्यांचा कल पाहायला ठीक. परवापेक्षा आज एक टक्का वाढला यावर जेवण सोडू नका.

११. दुखत असताना व्यायाम करू की पूर्ण विश्रांती घेऊ?

हलकी हालचाल करा. चालणं, सावकाश सायकल, पोहणं यांनी तेवढ्यापुरतं तरी मोकळं वाटतं. तोच दुखरा स्नायू पुन्हा पूर्ण ताकदीनं लावू नका: दुखत असताना त्याची ताकद खरोखरच घटलेली असते आणि हालचाल नीट होत नाही, त्यामुळे भार सांध्यांवर जातो. पाय दुखताहेत तर हातांचा व्यायाम करा. 'काट्यानं काटा काढतात' म्हणत दुखऱ्या मांड्यांवर पुन्हा शंभर बैठका मारणारे भेटतात. त्यांनी प्रश्न १५ वाचावा.

१२. शेक, बर्फ, मालिश, स्ट्रेचिंग, गोळी: यातलं नक्की काय चालतं?

काळ. बाकी सगळं थोडं-थोडं.

मालिशनं दुखणं काही प्रमाणात कमी होतं. फोम रोलरचाही थोडा उपयोग होतो. गरम शेक बरा वाटत असेल तर घ्या. थंड पाण्यात बसल्यानं दुखणं कमी जाणवतं, पण स्नायू वाढवायचे असतील तर प्रत्येक वेळी वजनं उचलून लगेच बर्फाच्या पाण्यात जाऊ नका. ही रोजची सवय स्नायूंची वाढ मंदावू शकते. स्ट्रेचिंग आधी करा की नंतर, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात त्यानं जवळजवळ फरक पडत नाही. अंग लवचीक ठेवायला करा, या कामासाठी नको.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर. आयबुप्रोफेन आणि त्या जातीच्या इतर गोळ्यांनी थोडा आराम पडतो, पण त्याच गोळ्या मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. म्हणजे दुखतं म्हणून गोळी घेतली आणि गोळीमुळे काटा आणखी हलला, असंही होऊ शकतं. भर उन्हात घाम गाळून, पाणी कमी पडलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात. 'दुखू नये म्हणून आधीच एक घेतो' ही सवय सोडलेली बरी.

१३. आता व्यायामानंतर काहीच दुखत नाही. म्हणजे फुकट चाललाय का?

नाही. दुखणं हे नवेपणाचं माप आहे, प्रगतीचं नाही. मागच्या महिन्यापेक्षा वजन जास्त उचलता का, तोच रस्ता कमी धापा टाकत चढता का, ते बघा. दर वेळी लंगडत घरी पाठवणारा ट्रेनर चांगला, असं मानणाऱ्यांची मला गंमत वाटते. कुणालाही लंगडवायला फारसं कौशल्य लागत नाही.

१४. साधं आंबणं आणि दुखापत यातला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा?

आंबणं बहुतेकदा दोन्ही बाजूंना, स्नायूच्या पसरट भागात, बोथट आणि उशिरा येतं. दुखापत व्यायाम चालू असतानाच कळते: फटकन काहीतरी झालं, उसण भरली, पाय मुरगळला. ती एका बाजूला, एका ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल अशी, अनेकदा सांध्याजवळ दुखते. काळंनिळं पडलं, सांधा सुजला, पायावर भार देता येईना, किंवा आठवडा उलटूनही उतार नाही, तर दाखवून घ्या.

एक वेगळी गोष्ट: एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती व्यायामाच्या खात्यात टाकून मोकळे होऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी असंच दिसतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इमर्जन्सीत.

१५. पहिल्याच दिवशी खूप व्यायाम झाला. आता हात सुजलेत आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय. पाणी जास्त पिऊ का?

पाणी पीत घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. ऱ्हॅब्डोमायोलिसिस असण्याची शक्यता आहे: स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं, लघवीला तो गडद रंग देतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. रक्तातलं पोटॅशियमही वाढू शकतं. रक्ततपासणीत सीके नावाच्या घटकावरून हे कळतं, उपचार शिरेतून द्रव देऊन होतात आणि वेळेत गेलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

सहसा हे कुणाला होतं? मोठ्या खंडानंतर जुन्याच जोशात परतलेल्यांना, पैजेवर शेकडो बैठका किंवा पुशअप्स मारणाऱ्यांना, पहिल्याच दिवशी स्पिन सायकलच्या पूर्ण तासाला बसणाऱ्यांना. उकाडा, दारू आणि काही औषधं (प्रश्न १९) धोका वाढवतात. लघवीचा रंग नेहमीचा असला तरी दुखणं असह्य असेल, स्नायू दगडासारखा ताठ आणि सुजलेला असेल, हातपाय बधिर किंवा लुळे वाटत असतील, तरीही थांबू नका.

१६. पाळीच्या आधीच्या आठवड्यात व्यायाम वाढवला आणि वजन अडीच किलोनं वर. दोन्ही एकत्र होतं का?

होतं, आणि दोन्हींची बेरीज दिसते. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या शरीरात पाणी साठतं आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरतं. त्यातच नव्या व्यायामाचं पाणी आलं की आकडा घाबरवतो. तुलना करायची तर या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याची मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

१७. क्रिएटीन (जिममध्ये ताकदीसाठी घेतात ती पूड) सुरू केलंय. त्यानं वाढलेलं वजन कुठलं?

सुरुवातीचं पाण्याचंच. रोज २० ग्रॅमचा लोडिंग डोस (साठा लवकर भरायला सुरुवातीला घेतात तो मोठा डोस) घेतला तर पहिल्या आठवड्यात एक ते दोन किलो वाढू शकतं. हे पाणी मुख्यतः स्नायूंच्या आत जातं. रोज तीन ते पाच ग्रॅमच घेतलं तर साठा तीन-चार आठवड्यांत सावकाश भरतो आणि काटा एकदम उडी मारत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

१८. मॅरेथॉन पळालो. दोन दिवसांनी वजन शर्यतीआधीपेक्षा जास्त, घोटेही सुजलेले. एवढं पळून?

एवढं पळून म्हणूनच. स्नायूंची सूज, मीठ-पाणी राखणारी संप्रेरकं आणि शर्यतीनंतर मनसोक्त भरलेलं ग्लायकोजेन, सगळं एकदम आलं. पाय उंचावर ठेवा, आठवडाभर काट्याकडे जाऊ नका.

शर्यत संपताच वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं तर मात्र ती धोक्याची खूण आहे. घामानं जातं त्यापेक्षा जास्त पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला तर आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय पथकाला बोलवा. झटके येईपर्यंत मजल जाऊ शकते.

१९. वडील ६८ वर्षांचे आहेत, हृदयाचा त्रास आहे, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. नुकतंच चालणं वाढवलंय. त्यांनाही हेच लागू?

अर्धंच. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी वाढलेलं वजन 'व्यायामाचं पाणी' म्हणून सोडून देऊ नये. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढ, पायांवर बोट दाबल्यावर राहणारा खड्डा, आडवं पडल्यावर लागणारी धाप: यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींना स्नायुदुखी होते. व्यायामाशी मेळ न बसणारं, आठवडाभरानंतरही टिकणारं दुखणं डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

२०. अडीच महिने झाले. वजन अजूनही सुरुवातीपेक्षा दोन किलो जास्त आहे, कंबरही वाढली. पाणीच म्हणायचं ना?

आता नाही. एवढ्या काळात पाण्याचा हिशोब स्थिरावलेला असतो आणि कंबर पाण्यामुळे महिनोन्महिने वाढत नाही. बहुधा व्यायामानं भूक वाढली आहे, किंवा 'आज घाम गाळलाय' म्हणून ताटात थोडी सूट मिळते आहे. दोन आठवडे जे खाल ते सगळं लिहून काढा, चव बघण्यासाठी घेतलेला चमचासुद्धा. त्यातूनही काही सापडलं नाही, आणि सोबत थकवा, थंडी सहन न होणं, चेहऱ्यावर सूज असं काही असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. कंबर कमी झाली असती तर माझं उत्तर वेगळं असतं. ते प्रश्न ९ मध्ये आहे.